पूजेला बसलेला व्हॉल्व्ह

माढेकर सर जेवता जेवता कान कोरायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक किल्ली होती. ती डेपोतल्या एका महत्त्वाच्या कुलपाची, आणि नियमाप्रमाणे सुरक्षा अधिकाऱ्याच्याच ताब्यात असायला हवी. सर सुरक्षा अधिकारी, शिवाय नियमाचे पक्के. त्यामुळे किल्ली कायम त्यांच्यापाशी, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या कानात. कोरून झालं की तिचं टोक उजेडात धरून बघायचे, पँटीला पुसायचे, आणि तीच बोटं शेंगाचटणीच्या डब्यात घालून डबा माझ्याकडे सरकवायचे. "घ्या मॅडम, घरची आहे." मी डेपोत होते तोवर शेंगाचटणीला शिवले नाही. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल.

आठवणीतल्या माणसाबद्दल लिहायचं तर जिव्हाळ्यानं लिहावं, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. सरांची आठवण आली की मला अजून मळमळतं. आणि आठवण येतेच, कारण रस्त्यावर कुठं ना कुठं डिझेलचा भपकारा नाकात शिरतो आणि त्याच्या मागोमाग सरांच्या रुमालाचं अत्तर.

डेपो म्हणजे डिझेल साठवायची खासगी जागा. सोलापुरातून अक्कलकोटकडे निघालं की वळसंगच्या अलीकडे माळावर पांढऱ्या टाक्या दिसायच्या, तो आमचा. कारखान्यांना, खडी क्रशरना, जनरेटरवाल्यांना इथून डिझेल जायचं. मी तिथल्या कोंदट प्रयोगशाळेत. टँकर आला की नमुना घ्यायचा, घनता बघायची, पाणी मिसळलेलं नाही ना ते तपासायचं. मी मूळची जेऊरची, शिक्षण सोलापुरात. नाक लहानपणापासून तिखट होतं, ते तिथं जाऊन आणखी तिखट झालं.

पुढचं समजायला एक गोष्ट सांगायला हवी. टाकी फुटली किंवा गळली तर तेल बाहेर पसरू नये म्हणून तिच्याभोवती सिमेंटची बुटकी भिंत असते. टाकीतलं सगळं तेल आत मावेल एवढी ती हवी, असा नियम आहे. आम्ही तिला कट्टा म्हणायचो. कट्ट्यात पावसाचं पाणी साचतं, ते काढायला तळाशी एक पाइप आणि त्यावर चाकाचा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह कायम बंद हवा, त्याला कुलूप हवं. पाणी सोडायचं तर माणसानं शेजारी उभं राहायचं, पाणी संपलं की लगेच चाक फिरवून बंद करायचं आणि कुलूप लावायचं. तो उघडा राहिला तर कट्टा असून नसल्यासारखाच. आमचा पाइप बाहेरच्या नाल्यात उघडायचा आणि नाला खालच्या ओढ्याला मिळायचा. सरांच्या कानातली किल्ली ती या कुलपाची.

सर माढ्याचे. वडील शाळामास्तर, त्यामुळे पाठांतर लहानपणापासूनचं. तेलगळतीचे नियम त्यांना आरतीसारखे पाठ होते, आणि म्हणतानाही डोळे अर्धे मिटून, टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणायचे. कट्टा किती उंच, टाकीपासून किती लांब, वाळूच्या बादल्या कुठं, गळती झाली तर पहिल्यांदा कुणाला कळवायचं, ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना कुणी सावध करायचं, सगळं घडाघडा. आवाज असा की ऐकत राहावं. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, काय नशीब, असा माणूस शिकवायला मिळाला. ते नशीब पहिल्या तपासणीपर्यंत टिकलं.

कुणी काही मागितलं की सरांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, "नियमात आहे का?" सिद्राम म्हणून आमचा व्हॉल्व्ह सांभाळणारा ऑपरेटर होता, वळसंगचाच, पन्नाशीला आलेला, तोंडात कायम मावा. त्यानं एकदा गमबूट मागितले, कारण त्याच्या चपलांतून डिझेल आत जाऊन टाचा सोलल्या होत्या. नियमात गमबूट होते. सरांनी ते लगेच मागवलेही. मग काचेच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. वापरले तर खराब होतील आणि तपासणीला काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्याच कपाटात तेल शोषून घेणाऱ्या गाद्यांचे गठ्ठे होते, प्लास्टिकसुद्धा न फोडलेले. सर दर सोमवारी ती काच स्वतः पुसायचे. सिद्राम सोललेल्या टाचांनी त्यांच्यामागे उभा राहून फडकं धरायचा.

तपासणीची तारीख कळली की डेपोत रंगाचे डबे यायचे. सरांची रंगावर फार श्रद्धा. गंजलेल्या पाइपाला रंग, तडकलेल्या कट्ट्याला रंग, जमिनीवर पिवळे पट्टे, बादल्या लालभडक. त्या बादल्यांत आग आणि गळतीसाठी वाळू असायची, आणि वर्षभर येणारा जाणारा प्रत्येक ड्रायव्हर त्यात मावा थुंकायचा. वाळू कडक होऊन तिचा तपकिरी केक झालेला असायचा. सर तो काढायचे नाहीत. वरून चार बोटं नवी चाळलेली वाळू पसरायचे आणि हातानं अशी काही सपाट करायचे की बघून कुणालाही वाटावं, किती मनापासून काम करतो हा माणूस. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी कौतुकानं मूठभर वाळू उचलली. मूठ जरा खोल गेली. साहेबांनी हात बाहेर काढला, बोटांकडे बघितलं, आणि सरांनी तत्परतेनं अत्तराचा रुमाल पुढं केला. जाताना साहेबांच्या गाडीत सोलापुरी चादरींचा गठ्ठा गेला.

सुरक्षा सप्ताहात गळतीची रंगीत तालीम असायची, तिच्यात सरांची खरी कला दिसायची. भोंगा वाजायचा, माइकवर सरांचा आवाज घुमायचा, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "थांबवा, अडवा, कळवा." म्हणजे आधी गळती थांबवा, मग वाहणारं तेल अडवा, मग सगळ्यांना कळवा. घोषणा सरांनीच बसवलेली. गुदमरून पडणाऱ्या माणसाचं काम दरवर्षी सिद्रामकडे, कारण तो पडल्यावर हसायचा नाही. आणि गळणारं तेल म्हणून कँटीनमधला उरलेला चहा ओतायचे. खरं डिझेल सांडलं तर फरशी घाण होते ना. तो कोमट चहा पिवळ्या पट्ट्यापर्यंत वाहत यायचा, सर त्यावर स्वच्छ वाळूची एक ओंजळ टाकायचे, मालक टाळ्या वाजवायचे, फोटो निघायचे. मग दिवसभर त्या ओल्या वाळूवर माश्या घोंघावत राहायच्या.

फाटकापाशी एक फळा होता. किती दिवसांत अपघात झाला नाही तो आकडा त्यावर लिहिलेला असायचा आणि सर रोज सकाळी आपल्या हातानं तो एकानं वाढवायचे. त्यांचा जीव त्या फळ्यात होता. आकडा मोठा झाला की मालक खूश, जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार, एखादी ढाल. आकडा शून्यावर आला की सरांची बढती गेली.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मधल्या टाकीच्या जोडातून डिझेल पाझरायला लागलं. धार नव्हती, नुसती ओल. मला आधी वास आला, मग डाग दिसला. मी सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी रुमाल नाकाला लावून बघितलं आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "मॅडम, ऊन बघा किती आहे. टाकीला घाम येतो." दुसऱ्या दिवशी जोडाखाली लाल रंगाचा ट्रे आला. तिसऱ्या दिवशी ट्रे दिसू नये म्हणून समोर क्रोटनची कुंडी आली. जोडाचं पॅकिंग बदलायचं तर टाकी रिकामी करावी लागते, ते त्यांच्या मनात नव्हतं. मी लेखी दिलं. सरांनी माझ्या अक्षराची तारीफ केली.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची, यंत्रांची पूजा. एकदा पूजा झाली की ती वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाही, चालवायची नाही. हातमागापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हा नियम लागू, आणि डेपोही त्या दिवशी बंदच असायचा. त्या वर्षी मालकांच्या आई स्वतः पूजेला येणार होत्या. म्हणून सरांनी सकाळी कट्टे आतून पाण्यानं धुवून घेतले. धुतलेलं पाणी बाहेर काढायला मधल्या कट्ट्याचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी अजून वाहतंय तेवढ्यात मालकांची गाडी आली आणि धावपळ उडाली.

त्या व्हॉल्व्हचं चाक बाहेरून सहज दिसायचं, नुकतंच लाल रंगवलेलं. आईसाहेबांनी त्यालाच हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, समोर नारळ फोडला. कुलूप आणि ती कानातली किल्लीही पाटावर मांडली होती, त्यांवरही कुंकू पडलं. सर पूजा सांगत होते. माझं तेव्हा प्रसादाचे द्रोण भरणं चाललं होतं, त्यामुळे पुढचं मला दुसऱ्या दिवशी सिद्रामकडून कळलं. पूजा आटोपल्यावर त्याच्या ध्यानात आलं की चाक उघडंच राहिलंय. तो सरांच्या कानाशी लागला.

"सर, खालचं चाक उगडंच हाय की. बंद करू का?"

सरांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं जणू देवाला पाय लावला. आईसाहेबांच्या हातचं कुंकू आहे त्याच्यावर, म्हणाले. पूजेला बसलेली वस्तू हलवतात का? उद्या उत्तरपूजा झाली की बंद कर, एका दिवसात काय होतंय. सिद्रामनंही चाकाला हात जोडले आणि मागं सरला. त्याच्या घरी कोयतासुद्धा त्या दिवशी जागचा हलत नव्हता, तो तरी काय बोलणार? पण सिद्रामला नियम पाठ नव्हते. सरांना पाठ होते, आणि त्यांनी नारळाचा तुकडा चघळत मालकांबरोबर फोटो काढला.

दसऱ्याला सकाळी सरांचा फोन आला की जरा येऊन टाकीची पातळी बघा, कमी दिसतेय. मी स्कूटीवरून निघाले आणि फाटकापासून बऱ्याच अलीकडेच मला वास आला. ट्रे, क्रोटन, घाम, सगळं बाजूला सारून तो जोड फुटला होता. कट्ट्यात डिझेल साचायला हवं होतं. तिथं नुसता तेलकट थर होता आणि बाकीचं उघड्या व्हॉल्व्हमधून नाल्यात गेलं होतं. झेंडूची माळ डिझेलनं निथळत होती. नाल्याच्या पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग फिरत होते.

सर दसऱ्याच्या रेशमी झब्ब्यात, रुमाल नाकाला लावून उभे. सिद्रामनं तोवर चाक फिरवून बंद केलेलं होतं आणि गळक्या टाकीतलं उरलेलं डिझेल दुसऱ्या टाकीत ओढायला पंप लावला होता. म्हणजे थांबवा झालं होतं. मी म्हटलं, आता ओढ्याच्या मोरीपाशी मातीची पोती टाकू, कपाटातल्या गाद्या काढू आणि फोन करू. अग्निशमनला, तहसीलला, खाली वस्तीवर, जसं तुम्हीच शिकवलंय तसं. सर माझ्याकडे मायेनं बघत राहिले.

"मॅडम, कळवलं की लिहिलं जातं," ते म्हणाले. "आणि लिहिलेलं पुसता येत नाही."

मग त्यांनी पाण्याचा टँकर मागवला. धुण्याच्या पावडरीची पोती मागवली. कट्टा, नाला, मोरी, सगळीकडे पावडर टाकून वरून पाण्याचा जोर मारायचा, म्हणजे तेलाचा तवंग फुटतो, पाण्यात मिसळतो आणि डोळ्यांना दिसेनासा होतो. तेल कुठं जात नाही, फक्त दिसत नाही. असं करू नका हे त्यांच्याच पाठातलं वाक्य होतं, आणि ते म्हणताना ते तर्जनी उंच करायचे. सिद्राम नळी हातात घेऊन थांबला.

"सर, पाणी मारलं तर समदं खाली जाईल की. खाली मल्लव्वाची हीर हाय."

सर एकदम माढ्याचे झाले. "तुला इचारलं का मी? मार पाणी."

सिद्रामनं पाणी मारलं. ओढा फेसानं पांढरा झाला. कपाटातल्या गाद्या कोऱ्याच्या कोऱ्या राहिल्या. मी फाटकातून बाहेर पडताना फळ्याकडे बघितलं. आकडा आजचा होता. ह्या माणसानं तेल वाहत असताना आधी तो एकानं वाढवला होता.

मल्लव्वाची विहीर ओढ्याला लागूनच. मल्लव्वा साठीची, कानडी, इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, नवरा कधीच वारलेला. चार म्हशी आणि ती विहीर एवढाच तिचा संसार. डेपोच्या कँटीनला दूध तिचंच. म्हैस व्याली की माझ्यासाठी खरवस आणायची आणि मी खाऊन होईपर्यंत दारात उभी राहायची. मी पोचले तेव्हा ती म्हशींच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधत होती. मी सांगितलं, मावशी, विहिरीचं पाणी वापरू नका, डिझेल आलंय ओढ्याला. तिला आधी कळेना. मग ती ओढ्यापर्यंत गेली, फेस बघितला, आणि पदर नाकाला लावून कानडीत म्हणाली, "एन माडली?" म्हणजे काय करू मी. जवळपास दुसरं पाणी नव्हतं.

दोन दिवसांनी वास विहिरीत उतरला. म्हशी हौदाशी येत, नाक पाण्याजवळ नेत, फुरफुरत आणि तोंड फिरवत. मल्लव्वा कळशी डोक्यावर घेऊन लांबच्या बोअरवरून पाणी आणायला लागली, पण चार म्हशींची तहान कळशीनं भागत नाही. मी तेव्हा सरकारी कचेरीत फोन केला, अर्जही दिला, विहिरीच्या पाण्याची बाटली भरून नेऊन दिली. कोजागिरीच्या आधी चौकशीला एक साहेब आले. त्यांच्याबरोबर मालक, सर, आणि सरांच्या हातात आपट्याची पानं.

सरांनी त्या दिवशी सकाळीच माणसं लावून विहिरीवरचा तवंग गोणपाटानं टिपून घेतला होता, हे पाण्यावर तरंगणाऱ्या धाग्यांवरून कळत होतं. त्यांनी मल्लव्वाच्या हातात पानं दिली, सोनं घ्या म्हणाले, वाकून पाया पडले. मल्लव्वा गोंधळली. पदानं मोठा, शिकलेला, झब्बा घातलेला माणूस पाया पडतोय म्हटल्यावर तिचा अर्धा राग तिथंच विरघळला असणार. सरांना माणसांचं एवढं बरोबर कळायचं, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त शिसारी येते.

साहेबांनी विहिरीत डोकावून बघितलं. पाणी तर स्वच्छ दिसतंय, म्हणाले. मी म्हटलं, वास घ्या. साहेबांना सर्दी होती, किंवा त्यांनी तसं सांगितलं. तेव्हा मल्लव्वानं एक म्हैस सोडून हौदाशी आणली. म्हशीनं नाक खाली नेलं, जोरात फुरफुरली आणि तोंड फिरवलं. मल्लव्वानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी सरांकडे बघितलं.

सर हसले. जनावराला नव्या माणसांचं भ्या वाटतं, म्हणाले, आणि पोहरा विहिरीत सोडला. भरून वर घेतला. ओंजळ भरली. मला वाटलं, चूळ भरून टाकतील. त्यांनी डोळे मिटले आणि प्यायले, गटागटा, पुन्हा ओंजळ भरून पुन्हा प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होताना मला स्पष्ट दिसत होती. मिशीवर तेलाचा बारीक चमकता थेंब राहिला. रुमालानं तो टिपून ते म्हणाले, "अमृत आहे."

मालकांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. साहेबांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. शिकलेला माणूस स्वतः पितो म्हटल्यावर आता काय राहिलं? तेवढ्यात मल्लव्वा बोलली. आवाज चढवला नाही, भांडणाचा सूरही नव्हता.

"तुमी आज प्यालासा. आमाला रोज प्यायचंय की."

साहेब गाडीत बसले. माझ्या बाटलीचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. विचारायला गेले की प्रत्येक वेळी टेबलामागे नवा माणूस असायचा. सर मात्र परत येताना गाडी थांबवून बाभळीआड गेले आणि बराच वेळ आले नाहीत, असं ड्रायव्हरनं मला सांगितलं. ओकण्याचा आवाज त्यानं ऐकला होता. मला बरं वाटलं का? वाटलं, अगदी मनापासून.

पुढचं लवकर सांगून टाकते, कारण ते लिहायलाही नको वाटतं. म्हशींनी ते पाणी नाइलाजानं थोडं थोडं प्यायला सुरुवात केली आणि दुधाला वास यायला लागला. दूध संघानं ते परत पाठवलं. आमच्या कँटीननंही बंद केलं, सरांच्याच सहीनं, आरोग्याच्या कारणास्तव. पुढच्या उन्हाळ्याआधी मल्लव्वानं म्हशी बाजारात उभ्या केल्या. तिच्या गोठ्यात मी शेवटची गेले तेव्हा ती रिकाम्या दाव्यांच्या गाठी सोडत बसली होती. मला बघून उठली, आणि सवयीनं खरवस द्यायला आत वळली, मग थांबली. दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी राहिली. त्यानंतर ती अक्कलकोटला लेकीकडे गेली. विहिरीवर आता बाभळीच्या फांद्या टाकल्यात. मी डेपो सोडला. सिद्रामला आधीच काढलं होतं, कामात हयगय म्हणून.

सरांची बढती झाली. मग त्यांनी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय काढला. आता ते गावोगावच्या कारखान्यांना आणि डेपोंना गळती कशी टाळावी, झाली तर काय करावं, हे शिकवतात.

मी आता एका साबणाच्या कारखान्यात असते. गेल्या वर्षी तिथून आम्हाला सोलापुरात अशाच एका प्रशिक्षणाला पाठवलं. व्याख्याते कोण ते मला सभागृहात शिरल्यावर कळलं. सर तसेच होते, थोडं पोट सुटलेलं, केस काळे केलेले. आवाज तर आणखी गोड झालेला. तरुण मुलं मुली वह्या उघडून बसली होती. सरांनी डोळे अर्धे मिटले, बोटांनी ठेका धरला आणि नियम म्हणायला सुरुवात केली. मग पडद्यावर एक फोटो आला. लाल चाक, त्यावर कुंकू, झेंडूची माळ. सभागृहात हसू पसरलं.

हा आपल्या भागातला खरा प्रसंग आहे, सर म्हणाले. एका अडाणी कामगारानं अंधश्रद्धेपायी व्हॉल्व्ह उघडा ठेवला. पूजा झालेल्या वस्तूला हात लावायला तो घाबरला. आम्ही लगेच थांबवलं, अडवलं, कळवलं, म्हणून मोठा अनर्थ टळला. मुलं लिहून घेत होती. माझ्या शेजारच्या मुलीनं 'अंधश्रद्धा' या शब्दाखाली रेघ मारली. मी हात वर न करताच उभी राहिले.

"सर, खालच्या विहिरीचं काय झालं?"

सरांनी मला ओळखलं. क्षणभर चेहरा थिजला, मग तेच मायाळू हसू आलं. छान प्रश्न आहे, म्हणाले. लोकांच्या मनात भीती होती खरी. पण विहिरीचं पाणी मी स्वतः, सगळ्यांसमोर, दोन ओंजळी प्यायलो. सुरक्षा अधिकाऱ्याची जबाबदारी नुसत्या कागदावर नसते, मित्रांनो. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी उभीच होते. टाळ्यांत मला आणखी काही विचारता येईना.

टाळ्या चालू असतानाच संयोजकांपैकी एका बाईंनी ट्रेमधून पाण्याचा ग्लास आणला. स्वच्छ पाणी, वर झाकण ठेवलेलं. सरांनी झाकण काढलं, ग्लास तोंडापाशी नेला आणि थांबले. ग्लास थोडा वर, नाकाशी नेला. डोळे बारीक करून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग त्यांनी ग्लास न पिता तसाच ट्रेमध्ये ठेवला आणि तोंड फिरवलं.